बॅटरी भरते ती शेवटच्या काही तासांत: लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करण्याच्या पद्धती आणि त्यांची निवड

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी दोन-अडीच वर्षांत बसली की आपण कंपनीला नावं ठेवतो, नाहीतर दुकानदाराला. पण अशी बॅटरी उघडून पाहिली तर आतली गोष्ट बहुतेक वेळा वेगळी निघते. निगेटिव्ह प्लेटांवर पांढरट, कडक थर बसलेला असतो, किंवा पॉझिटिव्ह प्लेटांची पेस्ट, म्हणजे प्लेटेतला शिशाचा लेप, गळून तळाशी गाळ होऊन साचलेली असते. पहिली खूण अर्धवट चार्जिंगची, दुसरी अति चार्जिंगची. दोन्हींचं मूळ चार्जिंगच्या पद्धतीत आहे आणि दोन्ही टाळता येतात.

या लेखात मी मुख्य उदाहरण म्हणून १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास मिळतील त्याचं माप), पाणी घालायची ट्यूब्युलर (नळ्यांच्या पॉझिटिव्ह प्लेटांची) बॅटरी घेतली आहे, कारण आपल्याकडे घराघरांत तीच दिसते. गाडीची आणि सीलबंद बॅटरी जिथे वेगळी वागते तिथे तसं सांगितलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले ऐंशी टक्के कोणताही चार्जर भरतो. पद्धतीची परीक्षा होते ती उरलेल्या वीस टक्क्यांत, आणि बॅटरी भरल्यानंतर चार्जर काय करतो त्यात.

आत काय घडतं

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही बॅटरी तयार केली, आणि तिचं रसायन आजही तेच आहे. पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायऑक्साइड, निगेटिव्हवर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं, मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि ॲसिडाचं पाणी होत जातं. चार्ज करताना हे उलट होतं: सल्फेट सुटतं, ॲसिड पुन्हा घट्ट होतं. ॲसिडाची घनता, म्हणजे आपण जिला ग्रॅव्हिटी म्हणतो ती, चार्जिंगचा सर्वांत खरा हिशेब का सांगते, ते यावरून कळेल.

रिकामी एसटी स्टँडवर लागली की पहिले प्रवासी भराभर बसतात, शेवटच्यांना मात्र जागा शोधत आत सरकावं लागतं. चार्जिंगचंही तसंच. सुरुवातीला प्लेटांवर भरपूर सल्फेट असतं, त्यामुळे दिलेला जवळजवळ सगळा करंट कामी येतो. शेवटी सल्फेट थोडंच उरतं, तेही पेस्टच्या आतल्या भागात. तेव्हा जोर लावला तर जास्तीचा करंट पाणी फोडायला लागतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. साधारण २७ अंश तापमानाला प्रत्येक सेलला २.३५ ते २.४ व्होल्ट, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीला १४.१ ते १४.४ व्होल्ट मिळाले की हे बुडबुडे जोरात सुरू होतात. चार्जिंगच्या सगळ्या पद्धतींमधला फरक या रेषेभोवती फिरतो: तिथवर कसं पोहोचायचं, तिथे किती वेळ थांबायचं, आणि मग कुठे उतरायचं.

बुडबुडे सरसकट वाईट नसतात. ट्यूब्युलर बॅटरी उंच असते. चार्जिंगमध्ये प्लेटांतून सुटलेलं घट्ट ॲसिड जड असल्याने खाली बसतं आणि वर पातळ राहतं. थोडा वेळ आलेले बुडबुडे ते ढवळून एकसारखं करतात. म्हणून पाण्याच्या बॅटरीला अधूनमधून तिथवर नेलंच पाहिजे. सीलबंद बॅटरीत मात्र गेलेलं पाणी परत घालता येत नाही, तिथे ही चैन नाही.

आधी बॅटरी ओळखा, मग मोजा

बॅटरीवरचं लेबल नीट वाचा. १५० एएच हा आकडा बहुधा सी-२० किंवा सी-१० असा छापलेला असतो. सी-२० म्हणजे वीस तासांत हळूहळू उपसली तर १५० एएच मिळतील, सी-१० म्हणजे दहा तासांत. एकाच आकड्याच्या दोन बॅटऱ्यांत सी-१० वाली प्रत्यक्षात मोठी. सोलरसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांवर सहसा सी-१० असतं.

करंटचा साधा नियम असा की एएचच्या दहा टक्के. १५० एएचला १५ अँपिअर, छोट्या गाडीच्या ३५ एएचला साडेतीन. घाई नसेल तर याहून कमी चालतो, पण फार कमी करंटने मोठी ट्यूब्युलर भरायला बसलात तर ती दिवसेंदिवस अर्धवट राहते.

आता व्होल्टेज. चार्जर आणि लोड दोन्ही बंद करून बॅटरी किमान पाच-सहा तास, जमल्यास रात्रभर, निवांत ठेवा आणि मग मल्टीमीटर लावा. एका सेलचं निवांत व्होल्टेज म्हणजे ग्रॅव्हिटीत साधारण ०.८४ मिळवायचे. गाडीच्या बॅटरीची पूर्ण भरलेली ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८० असते, म्हणून ती १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. ट्यूब्युलरची पूर्ण ग्रॅव्हिटी आपल्याकडे साधारण १.२४० ठेवतात, कारण उष्ण हवेत घट्ट ॲसिड प्लेटा लवकर खातं. ०.८४ अधिक १.२४० म्हणजे २.०८, गुणिले सहा, झाले साधारण १२.५ व्होल्ट. ती पूर्ण भरलेलीच आहे. १२.७ दिसत नाही म्हणून अशी बॅटरी लोक पुन्हा पुन्हा चार्जिंगला लावतात आणि पाणी उडवत बसतात. १२.० च्या आसपास असेल तर निम्म्याहून जास्त उपसली आहे, ११.८ च्या खाली असेल तर आजच्या आज चार्ज करायला हवी.

पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर घ्याच. काचेची नळी, रबरी फुगा, आत तरंगणारी काटी. फार महाग वस्तू नाही. सहाही सेलचं रीडिंग कागदावर लिहून ठेवा. बोलताना १.२४० ला १२४० म्हणतात, आणि त्यातला एक आकडा म्हणजे एक पॉइंट. पाच सेल १२४० आणि एक ११८० दाखवत असेल तर ती बातमी कुठलाही व्होल्टमीटर देणार नाही. रीडिंग घेताना काटी नळीच्या भिंतीला चिकटू देऊ नका, आणि पाणी नुकतंच घातलं असेल तर रीडिंग घेऊ नका, कारण ते वरच्या वर तरंगत असतं. ॲसिड २७ अंशांपेक्षा गरम असेल तर दर दहा अंशांना ७ पॉइंट मिळवायचे, थंड असेल तर वजा करायचे.

पद्धती, एकेक करून

*साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर.* लोखंडी पेटी, वर अँपिअरचा काटा, समोर हाय-लो स्विच. आत ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, बाकी काही नाही. बॅटरीचं व्होल्टेज वाढत जातं तसा करंट आपोआप उतरतो, म्हणून गॅरेजवाले म्हणतात की बॅटरी भरली की तो आपोआप कमी घेतो. कमी घेतो हे खरं, पण थांबत नाही. शिवाय त्याचं व्होल्टेज घरच्या सप्लायवर हलतं. २३० व्होल्टला १५ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर २०० व्होल्टला १३ च देतो, आणि रात्री उशिरा लोड उतरून सप्लाय २५० ला चढला की १६.३ देतो. गावाकडे एका दिवसात दोन्ही टोकं अनुभवाला येतात. म्हणजे संध्याकाळी बॅटरी भरतच नाही आणि पहाटे उकळते. हा चार्जर तुमच्याकडे असेल तर फेकू नका, दणकट असतो तो. पण त्याच्या भरवशावर बॅटरी लावून झोपू नका. तासातासाला मीटर लावायची तयारी असेल तरच वापरा.

*स्थिर करंट.* बॅटरीच्या दुकानात बाकावर आठ-दहा बॅटऱ्या एकामागोमाग एक जोडलेल्या दिसतात, ती ही पद्धत. सिरीजमध्ये सगळ्यांना एकच करंट जातो. नवीन बॅटरीत ॲसिड भरल्यानंतरचं पहिलं चार्जिंग आणि उपासमार झालेल्या बॅटरीला परत आणणं, या दोन कामांसाठी मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण किती एएच आत गेले याचा सरळ हिशेब लागतो. नीट करायची तर दोन टप्प्यांत: १४.४ व्होल्ट होईपर्यंत १५ अँपिअर, मग निम्मा, साडेसात किंवा त्याहून कमी. शेवटी व्होल्टेज १५.६ ते १६.२ पर्यंत चढतं. तासातासाच्या अंतराने घेतलेली सलग तीन रीडिंग, व्होल्टेजची आणि ग्रॅव्हिटीची, सारखी आली की बॅटरी भरली.

यातला धोका म्हणजे दुसऱ्याच्या बॅटरीबरोबर जोडली जाणं. १५० एएचच्या रांगेत तुमची ३५ एएचची बॅटरी लावली तर तिच्यातून १५ अँपिअर जाणार. गाडीची बॅटरी दुकानात चार्जिंगला देताना ती कोणत्या लाइनला, किती अँपिअरवर लावणार हे विचारा. सीलबंद बॅटरी या पद्धतीने कधीच शेवटपर्यंत न्यायची नाही.

*स्थिर व्होल्टेज.* गाडीचा अल्टरनेटर हेच करतो: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान व्होल्टेज धरून ठेवतो, बॅटरी हवा तेवढा करंट घेते. गाडी सुरू करताना गेलेला एखाद-दुसरा एएच भरून काढायला हे उत्तम. पण पूर्ण बसलेली बॅटरी ढकलस्टार्ट करून किंवा शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून चालू केली आणि तासभर फिरून आलात, तर ती भरली असं समजू नका. सुरुवातीला तिने मोठा करंट खेचलेला असतो, प्लेटा तापलेल्या असतात, आणि शेवटचा भाग तसाच राहिलेला असतो. त्या दिवशी रात्री तिला साडेतीन अँपिअरच्या चार्जरवर लावा.

*आधी स्थिर करंट, मग स्थिर व्होल्टेज, मग फ्लोट.* घरासाठी हीच पद्धत निवडावी, असं मी कुणालाही सांगेन. पहिल्या टप्प्यात १५ अँपिअर, व्होल्टेज १४.४ होईपर्यंत. दुसऱ्या टप्प्यात १४.४ धरून ठेवायचं. करंट स्वतःहून १५ वरून १०, ५ असा उतरत जातो. तो एएचच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे दीड ते तीन अँपिअरवर आला की तिसरा टप्पा: १३.५ ते १३.८ चं फ्लोट, ज्यात बॅटरी आपोआप जेवढी उतरते तेवढंच भरलं जातं. ट्यूब्युलरला दुसऱ्या टप्प्यात १४.४ ते १४.८ चालतं, सीलबंदला १४.१ ते १४.४ च्या पुढे सहसा जायचं नाही. तुमच्या बॅटरीच्या पत्रकातला आकडा यापेक्षा वेगळा असेल तर पत्रकाचं ऐका.

वेळेचा अंदाज घेऊ. तीन तास वीज गेली, घरात २०० वॅटचा लोड. इन्व्हर्टरचा तोटा धरून बॅटरीतून सुमारे २५० वॅट, म्हणजे २१ अँपिअर; तीन तासांत ६३ एएच. परत भरताना १५ टक्के जास्त धरा, ७०-७५ एएच. पहिले चाळीसेक एएच १५ अँपिअरने तीन तासांच्या आत जातात. उरलेल्या तीसेक एएचला उतरत्या करंटमुळे आणखी चार-पाच तास. म्हणजे तीन तासांच्या लोडशेडिंगची भरपाई सात-आठ तासांनी होते. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात बॅटऱ्या का मरतात ते या हिशेबात दिसतं: दुसरा टप्पा कधी पुराच होत नाही. तिथे मोठी बॅटरी घेऊन उपयोग नाही. लोड कमी करा, आणि आठवड्यातून एकदा तरी तिला अखंड दहा-बारा तास मिळतील असं पाहा.

*बूस्ट आणि पल्स.* दुकानात सकाळी दिलेली बॅटरी दोन तासांत "फुल" होऊन परत आली तर ती बूस्टवर, म्हणजे फार मोठ्या करंटवर, लावली होती. अडलेल्या माणसाची गाडी चालू करायला ते ठीक, पण दर वेळी असं केलं तर प्लेटा वाकतात आणि पेस्ट सुटते. करंटचे थांबून थांबून झटके देणाऱ्या पल्स चार्जरच्या जाहिराती मेलेली बॅटरी जिवंत करण्याचं वचन देतात. सल्फेट ताजं असेल, आठवडा-दोन आठवड्यांचं, तर कमी करंटचं लांब चार्जिंगही ते सोडवतं. पल्सची वेगळी गरज नसते. वर्षभर बसलेला कडक थर आणि गळून पडलेली पेस्ट पल्सने परत येत नाही. माझ्या मते त्या पैशात चांगला तीन टप्प्यांचा चार्जर घ्यावा.

*सोलर.* पॅनेल बॅटरीला सरळ जोडू नका, मध्ये कंट्रोलर हवाच. कंट्रोलर दोन प्रकारचे: पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. फरक आकड्यांत पाहू. १०० वॅटचं "१२ व्होल्ट" पॅनेल साधारण १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, म्हणून १३ व्होल्ट गुणिले साडेपाच, जेमतेम ७२ वॅट. एमपीपीटी पॅनेलला १८ वरच ठेवून आतल्या आत रूपांतर करतो आणि बॅटरीला सात अँपिअरच्या आसपास देतो. छपरावरचं २५० वॅटचं, ३० व्होल्टचं पॅनेल पीडब्ल्यूएमवर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं तर निम्म्याहून जास्त शक्ती वाया: ८.३ अँपिअर गुणिले १३, म्हणजे १०८ वॅट. एक छोटं पॅनेल आणि एक दिवा असेल तर पीडब्ल्यूएम पुरे, मोठ्या पॅनेलला एमपीपीटीच घ्या.

सोलरचा खरा कच्चेपणा मात्र कंट्रोलरमध्ये नाही, दिवसाच्या लांबीत आहे. दुपारी दोनला बॅटरी १४.४ वर पोहोचते आणि चारनंतर ऊन उतरतं, दुसरा टप्पा अर्ध्यावर राहतो. आषाढ-श्रावणात तर आठवडेच्या आठवडे तसेच जातात. पावसाळ्यात आठवड्यातून एक रात्र विजेवर पूर्ण चार्ज द्या, आणि जड लोड सकाळी लवकर नको, दुपारनंतरच चालवा.

प्रत्यक्ष लावताना

१. जागा मोकळी हवी. जास्तीचा प्रत्येक एएच प्रत्येक सेलमधून सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन सोडतो. भरलेल्या बॅटरीत ५ अँपिअर पाच तास जात राहिले तर २५ एएच, सहा सेलचे मिळून साठेक लिटर. जिन्याखालच्या एक घनमीटरच्या बंद कपाटात हे सहा टक्क्यांच्या आसपास होतं, आणि चार टक्क्यांच्या पुढे हायड्रोजन ठिणगीने पेटतो. त्या कपाटाला वर-खाली जाळी हवी. आणि बॅटरीशेजारी देवघर नको. समई, निरांजन, उदबत्ती काहीच नको.

२. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे, अंगठी-बांगडी काढून. जवळ पाण्याची बादली आणि खायचा सोडा ठेवा. ॲसिड अंगावर उडालं तर आधी भरपूर पाणी, सोडा फरशीसाठी. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

३. पाण्याची पातळी पाहा. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. बाकीचं चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. एसीचं ठिबकणारं पाणी शुद्ध दिसतं, पण ते तांब्या-ॲल्युमिनियमवरून आणि धुळीतून आलेलं असतं. घरी ॲसिड तर कधीच घालू नका. सांडलेलं सोडलं तर ॲसिड कमी होत नाही, पाणीच कमी होतं.

४. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने घासा, नट घट्ट करा, मग पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग नट असं करू नका. एका सैल टर्मिनलवर अर्धा व्होल्ट सहज अडकतो, चार्जर १४.४ समजतो आणि बॅटरीला १३.९ मिळतात.

५. चार्जर बंद असताना चिमटे लावा, लाल पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला, मगच स्विच सुरू. काढताना आधी स्विच बंद. भरत आलेल्या बॅटरीवरचा चिमटा चालू चार्जिंगमध्ये ओढणं म्हणजे हायड्रोजनमध्ये ठिणगी पाडणं.

६. पहिल्या अर्ध्या तासात हात लावून पाहा. कोमट चालेल. ॲसिडाचं तापमान ४५ अंशांपुढे जात असेल तर करंट निम्मा करा, ५० पर्यंत जाऊ देऊ नका.

इन्व्हर्टरच्या बाबतीत चार्जर आतच असतो, म्हणून तिथे काम तपासण्याचं. मागच्या बाजूला बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच पाहा: ट्यूब्युलर, फ्लॅट (सपाट प्लेटांची), एसएमएफ (सीलबंद). बसवणारा माणूस तो पाहतोच असं नाही. ट्यूब्युलर बॅटरी एसएमएफच्या खुणेवर चालत असेल तर ती रोज थोडी उपाशी राहते. मग एक दिवस वीज जाऊन आल्यावर मीटर तीन वेळा लावा: पंधरा मिनिटांनी, चार-पाच तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. १३ च्या आसपासपासून चढत १४.४ किंवा थोडं वर, आणि सकाळी १३.६ च्या आसपास, असं दिसलं तर इन्व्हर्टर तीन टप्पे पाळतो आहे. कधीच १३.८ च्या वर जात नसेल तर बॅटरी अर्धपोटी. सकाळीही १४.५ असेल तर पाणी उडतं आहे. दर महिन्याला पाणी मागणारी बॅटरी याच कारणाने मागते.

आणखी एक स्विच यूपीएस मोडचा. त्यात इन्व्हर्टर सप्लाय जरा खाली आला, साधारण १८० व्होल्टच्या आसपास, की बॅटरीवर जातो. कमी दाबाच्या गावात वीज असूनही बॅटरी उपसली जाते आणि चार्जिंगही थांबतं. कॉम्प्युटर चालवायचा नसेल तर हा मोड बंद ठेवा.

सेल सारखे करणं

पूर्ण चार्जनंतरही सेलच्या ग्रॅव्हिटीत ३० पॉइंटपेक्षा जास्त फरक असेल, तर मुद्दाम थोडं जास्त चार्जिंग द्यायचं. हे फक्त पाण्याच्या बॅटरीला, दोन-तीन महिन्यांतून एकदा, किंवा गरज दिसेल तेव्हा. बॅटरी इन्व्हर्टरपासून सोडवा, कारण व्होल्टेज १६ पर्यंत चढेल आणि ते इन्व्हर्टरला झेपणार नाही. १५० एएचला ३ ते ५ अँपिअर द्या. सगळ्या सेलमध्ये बारीक, दुधाळ बुडबुडे उठताना दिसतील. जो सेल मागे पडला आहे त्यात ते उशिरा आणि तुरळक येतात. तासातासाला त्या सेलची ग्रॅव्हिटी घ्या: ११८०, ११९५, १२१०, अशी चढत असेल तर चालू ठेवा. सलग तीन रीडिंग हलली नाहीत की थांबा, मग शेवटी पाणी घाला. २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर दोघींना वेगवेगळं असं चार्ज करा. एकीच्या कमतरतेचा भार दुसरीवर पडत असतो.

ऊन आणि थंडी

वर दिलेले सगळे व्होल्टेज २५-२७ अंशांचे आहेत. तापमान वाढलं की रसायन सोपं होतं आणि तेवढ्याच व्होल्टेजला बॅटरी जास्त उकळते. दर अंशाला प्रत्येक सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करायचे. चार धरले तर बॅटरीमागे २४ मिलिव्होल्ट. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बॅटरीच्या खोलीत ४२ अंश असतील तर पंधरा अंशांचे ०.३६ व्होल्ट वजा: १४.४ चे सुमारे १४.०५. तापमानाचा सेन्सर बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरमध्ये नसतो. मग दोनच उपाय: बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून खाली सावलीत आणा, आणि उन्हाळ्यात पाणी पंधरा दिवसांनी पाहा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा सर्वमान्य ठोकताळा आहे, त्यामुळे जागा बदलण्याचे कष्ट वाया जात नाहीत. महाबळेश्वरच्या थंडीत हिशेब उलटा, व्होल्टेज थोडं वाढवावं लागतं.

घर बंद असेल तेव्हा

कोकणातलं घर गणपती आणि शिमग्याला उघडतं, मधले महिने बंद. इन्व्हर्टर चालू ठेवून मेन स्विच बंद केला तर इन्व्हर्टर स्वतःच बॅटरी खाऊन टाकतो, आणि रिकाम्या अवस्थेत महिनोन्महिने पडलेली बॅटरी सल्फेटने कडक होते. जाण्यापूर्वी पूर्ण चार्ज करा, पाणी भरा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. तरीही ती स्वतःहून उतरतेच, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी शेजारच्या कुणाला सांगून एक दिवस चार्जिंगला लावून घ्या. मेन चालू ठेवून फ्लोटवर सोडणं सोयीचं वाटतं, पण पाणी पाहायला कुणी नसेल आणि फ्लोटचं व्होल्टेज तुम्ही स्वतः मोजलं नसेल, तर मी तसं करणार नाही. कायम ठराविक बारीक करंट देणारा स्वस्त ट्रिकल चार्जर तर मुळीच नको. फ्लोटला व्होल्टेजची मर्यादा असते, त्याला नसते.

चार्जिंग सोडून कधी द्यायचं

दोन टप्प्यांचं पूर्ण चार्जिंग, मग सेल सारखे करण्याचं चार्जिंग, हे दोन्ही मन लावून केल्यावर एका सेलची ग्रॅव्हिटी इतरांपेक्षा ५० पॉइंटने खाली अडून राहिली, त्यात बुडबुडेच येत नसतील, आणि रात्रभर ठेवल्यावर बॅटरी १०.५ च्या आसपास दाखवत असेल, तर तो सेल आतून शॉर्ट आहे. कोणतीही पद्धत त्याला परत आणणार नाही. ती बॅटरी इन्व्हर्टरवर ठेवली तर उरलेले पाच सेल १४.४ व्होल्ट आपसांत वाटून घेतात आणि उकळत राहतात. ते धोक्याचं आहे, त्याच दिवशी सोडवा. सगळे सेल सारखे पण सर्वच ११८०-११९० वर अडले असतील, तर आणखी एकदा ४-५ अँपिअरने चोवीस-तीस तास देऊन पाहण्यासारखं आहे, तापमानावर लक्ष ठेवून. त्यानंतर ठराविक लोड, समजा दोन पंखे आणि दोन दिवे, लावून इन्व्हर्टर कमी बॅटरीची सूचना देईपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळावर मोजा. नवीन असताना जो वेळ मिळायचा त्याच्या निम्माही मिळत नसेल तर बदला. जुनी बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, ॲसिड गटारात जातं आणि शिशाची धूळ मुलांच्या अंगणात उडते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून रीसायकलिंगला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवीन बॅटरी घेताना जुनी ॲसिडसकट, उभी ठेवूनच दुकानात द्या आणि तिची किंमत बिलात वजा करून घ्या.